पुस्तकी किंमत : एक रुपया

शाळेतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ असा प्रकल्प आला की आदल्या रात्री नऊ वाजता स्टेशनरीच्या दुकानापुढे पालकांची रांग लागते. आइस्क्रीमच्या काड्यांचे नवे कोरे पाकीट, चमकीचा कागद, गोंदाची नवी बाटली, रंगांचा डबा, असे दीडदोनशे रुपयांचे साहित्य घरी येते. रात्री अकरापर्यंत आई कापते, बाबा चिकटवतात, मूल झोपी जाते आणि सकाळी एक ‘टाकाऊ’ पेनस्टँड शाळेत रवाना होतो. पंधरा दिवसांनी तो परत येतो. मग कपाटावर, मग माळ्यावर, मग कचऱ्यात. चांगल्या, टिकाऊ वस्तू विकत आणून त्यांचे इतक्या शिस्तीने टाकाऊत रूपांतर करणारा दुसरा उद्योग माझ्या पाहण्यात नाही.

यात शाळांचाच दोष आहे असे नाही. आमच्या रविवारच्या पुरवण्यांनीही याला भरपूर हातभार लावला आहे. बाटलीला लोकर गुंडाळून फुलदाणी, फुटक्या बांगड्यांचे तोरण, जुन्या सीडींचे भिंतीवरचे घड्याळ. हौसेला मोल नसते आणि हौस करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. पण अशा वस्तूंना मी एक साधा प्रश्न विचारतो : घरात कुणाच्या तरी हाताला ही रोज लागते का? गोधडी लागते. केराची सुपली लागते. लोकर गुंडाळलेल्या बाटलीवर फक्त धूळ बसते आणि ती पुसण्याचे एक जादा काम घरातल्या बाईच्या वाट्याला येते.

बँकेत असताना दर ३१ मार्चला आम्हाला शाखेतल्या टेबलखुर्च्यांचा हिशेब करावा लागे. त्यासाठी ‘डेड स्टॉक रजिस्टर’ नावाची एक जाडजूड वही असे. वस्तूच्या उरलेल्या किमतीतून दर वर्षी ठरावीक टक्के घसारा वजा करायचा. या पद्धतीत गंमत अशी की, टक्के उरलेल्या रकमेवर काढायचे असल्यामुळे किंमत उतरत जाते, पण शून्य कधीच होत नाही. शेवटी कुणीतरी कंटाळून त्या वस्तूपुढे ‘रु. १’ लिहून टाकतो. अशा एक रुपया किमतीच्या खुर्चीवर बसून आमचे मॅनेजर लाखांची कर्जे मंजूर करीत आणि खुर्ची कुरकुरसुद्धा करीत नसे.

हिशेबात घसारा लावतात तो सगळ्या वस्तूला सरसकट. वस्तू मात्र सरसकट झिजत नाही, हे घरात डोळे उघडे ठेवून वावरणाऱ्या कुणालाही ठाऊक असते. साडी बसण्याच्या जागी विरते आणि पायाशी काठ फाटतो, पण पदर आणि कमरेला खोचलेला आतला भाग शाबूत असतो. पँट गुडघ्यात जाते, पण तिचा पट्टा आणि खिसे नव्यासारखे असतात. माठ पाणी गार करायचा थांबतो, पण म्हणून त्याची माती संपत नाही. जुनी वस्तू हातात घेतली की हिचे काय गेले आणि काय शिल्लक आहे, एवढे नीट ओळखता आले पाहिजे. कात्री आणि गोंद मग हातात घ्यायचे. आपल्या आज्या नेमके हेच करीत. त्याला त्यांनी कधी प्रकल्प म्हटले नाही.

गोधडीचेच पाहा. गोधडी म्हणजे गरिबाचे पांघरूण, असे समजण्याची आपल्याकडे रीत आहे. गाडगेबाबांनी अंगावर चिंध्यांची गोधडी आणि हातात गाडगे मिरवले आणि लोक त्यांना गोधडेबुवा म्हणू लागले, तेव्हा त्या रीतीचा त्यांनी जाणूनबुजून उपयोग करून घेतला होता. पण नुसते कापडाच्या दृष्टीने पाहिले तरी गोधडी ही फार विचारपूर्वक केलेली वस्तू आहे. सुती कापड शंभर-दोनशे वेळा धुतले गेले की त्याची ताकद कमी होते, पण मऊपणा वाढतो. ते आटायचे तेवढे आटून झालेले असते, रंग जायचा तेवढा गेलेला असतो. नव्या कापडाची गोधडी पहिल्या धुण्यात आकसते, चुरमडते. जुन्या कापडाची तशीच्या तशी राहते. वयाने आलेला दोष इथे गुण होतो. अंगात ऊब येते ती थरांमुळे. पाच-सहा थरांच्या मध्ये हवा अडकून राहते आणि ती बाहेरची थंडी आत येऊ देत नाही. तान्ह्या बाळाला नवे कापड लावायचे नाही, जुन्या लुगड्याचे दुपटे करायचे, हा जो आपल्याकडे दंडक होता, त्यातही काटकसरीपेक्षा हा मऊपणाचा हिशेब मोठा होता.

आमची आई सात वर्षांपूर्वी गेली, नव्वदीला टेकून. साताऱ्याच्या घरी तिची लोखंडी ट्रंक होती. तिच्यात सत्तावीस साड्या निघाल्या. तेराव्यानंतर दोन दिवसांनी बहीण, वहिनी आणि माझी पत्नी ट्रंकेभोवती बसल्या. आठवण म्हणून एकेक साडी प्रत्येकीने घेतली. उरलेल्यांचे काय करायचे ते कुणी बोलेना. पूर्वी असती तर बोहारीण आली असती. घमेल्यासाठी तासभर घासाघीस झाली असती आणि त्या भांडणात दुःख जरा हलके झाले असते. पण आमच्या आळीत बोहारीण आता वर्षा-दोन वर्षांतून एकदा दिसते. शेवटी वहिनीने शेजारच्या गावातून गोधड्या शिवणाऱ्या एका मावशींना बोलावून घेतले.

मावशी आल्या, चहा नको म्हणाल्या आणि आधी सगळ्या साड्या अंगणात दोरीवर घातल्या. त्यांची कापड पाहण्याची पद्धत मी खुर्ची टाकून बघत बसलो. साडी उन्हाकडे धरायची. जिथून ऊन आरपार येते तो भाग गेला, हे पक्के. मग तिथे बोटांची चिमूट लावून किंचित ओढायचे. नुसता ताण बसला तर आतल्या थराला चालेल, टरकन आवाज आला तर त्याचे मसोते. काही साड्यांचे एकेक सूत त्यांनी काडीपेटीच्या काडीवर जाळून पाहिले. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास येतो आणि बोटांत राख भुरभुरते. पॉलिस्टर वितळते आणि त्याचा टणक मणी होतो. मणी झालेल्या नऊ साड्या त्यांनी बाजूला काढल्या. बहिणीला त्यातली एक अबोली रंगाची फार हवी होती, वर घालण्यासाठी. मावशी म्हणाल्या, ‘‘ताई, दिसाया चांगली हाय. पर रातीला घाम पेत न्हाई ही. दोन दिस अंगावर घ्याल, तिसऱ्या दिशी पायथ्याला जाईल.’’

आईची एक इरकली होती, हिरव्या रंगाची. इरकलीचे अंग सुती आणि पदर रेशमी. कापायला कुणाचा हात होईना. मावशींनी पदर तेवढा हलक्या हाताने उसवून वेगळा केला, वहिनीच्या हातात दिला आणि बाकीची साडी वरच्या थरासाठी ठेवून घेतली. दोघांचेही काम झाले.

पुढचे बारा दिवस त्या रोज सकाळी दहाला येत. ओसरीवर खालची साडी ताणून अंथरायची, चार कोपऱ्यांवर पितळी डबे ठेवायचे. तिच्यावर धोतरांचे, चादरींचे तुकडे एकाला एक भिडतील पण एकावर एक चढणार नाहीत असे मांडायचे, नाहीतर तिथे वळ उठतो आणि झोपणाऱ्याला टोचतो. मग वरची साडी. मग हातभर लांबीचे कच्चे टाके, सगळे थर जागेवर धरून ठेवण्यापुरते. आणि त्यानंतर खरी शिवण : कडेने सुरू करून चौकोनात चौकोन घालीत आत आत यायचे, दोन बोटे अंतर सोडून, साधा धावदोरा. सुईपेक्षा डावा हात महत्त्वाचा, असे त्या म्हणत. डावा तळवा सतत कापडावरून फिरत असतो आणि चुण्या पुढे सरकवीत असतो. दोरा मेणावरून ओढून घ्यायचा, म्हणजे गुंतत नाही. नवे कापड जुन्याबरोबर मुळीच जोडायचे नाही. नवे बळकट असते, ते आटताना शिवणीपाशी जुन्याला फाडते.

दोन मोठ्या गोधड्या झाल्या आणि पणतीसाठी दोन दुपटी. मावशींनी मजुरी सांगितली तेव्हा माझा पुतण्या म्हणाला, ‘‘एवढ्यात दोन नवी ब्लँकेट्स आली असती. कापड तर आपलंच होतं.’’ मावशी सुई डबीत ठेवत होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘आली असती की. पर तुमी ब्लँकीट आनाया न्हाई गेला दादा, मला बलावलं.’’

पुतण्याचा हिशेब चुकीचा नव्हता. तो अर्धा होता, इतकेच. आपण जुन्या काळच्या काटकसरीचे गोडवे गातो, जुन्या साडीची गोधडी ‘फुकटात’ होई असे म्हणतो, तेव्हा त्यातली एक नोंद आपण कायमच गाळलेली असते. दुपारी जेवणे आटोपल्यावर, भांडी झाल्यावर, धान्य निवडून झाल्यावर बायका गोधडी पुढ्यात घेत. त्या वेळेला कुणी तास म्हटले नाही, मग त्याचा दर कोण लावणार? गोधडी फुकटात होत नसे. तिचे पैसे एका बाईच्या दुपारींनी चुकते केलेले असत. आज ती दुपार नोकरीत, लोकलमध्ये किंवा मुलांच्या क्लासच्या दारात जाते. म्हणून ‘हल्लीच्या मुलींना काही येत नाही’ हे वाक्य मला सहन होत नाही. हल्लीच्या मुलांना काय येते ते आधी सांगा. सुईला बाईचा हातच लागतो असे काही नाही. माझे वडील आपल्या धोतरांना स्वतः दंड घालीत, आणि ते माध्यमिक शाळेत गणित शिकवीत.

एवढा वेळ नसलेल्यांसाठी, आणि मुख्यतः पुरुषांसाठी, लहान कामे पुष्कळ आहेत.

पँटचा पाय घ्या. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून घरोघर कापडी पिशव्या आल्या. पण त्यातल्या बऱ्याच समारंभात फुकट मिळालेल्या आणि दोन किलो बटाट्यांत कान तुटणाऱ्या. पँटच्या पायाच्या दोन्ही बाजूंच्या शिवणी कारखान्यातल्या मशीनवर घातलेल्या असतात, पिशवीत कांदे-बटाटे भरून त्या उसवणार नाहीत. मांडीपासून गुडघ्याच्या वरपर्यंतचा भाग कापून घ्यायचा, उलटा करायचा आणि खालची बाजू दुहेरी टिपेने बंद करायची. मग खालचे दोन्ही कोपरे त्रिकोणासारखे ओढून त्यांच्यावर दोन-दोन इंचांची आडवी टीप मारली की पिशवीला बूड येते आणि ती उभी राहते. कान कमरपट्ट्याचे करायचे. तो आधीच दोन-तीन पदरी असतो. जीनची पँट असेल तर मशीनला नेहमीची सुई लावू नये, मोडते. १६ किंवा १८ नंबरची घ्यावी आणि जिथे चार थर एकत्र येतात तिथे मशीनचे चाक हाताने फिरवावे.

माठाचे दोन उपयोग आहेत आणि कोणत्या माठाचा कोणता, हे माठच सांगतो. माठातले पाणी गार होते ते त्याच्या बारीक छिद्रांतून पाणी पाझरून बाहेर वाळते म्हणून. आपल्या पाण्यातले क्षार दोन-तीन उन्हाळ्यांत ती छिद्रे बुजवतात, मग माठ बाहेरून कोरडा राहतो आणि आत पाणी कोमट. असा न पाझरणारा माठ खताला घ्यावा. बुडाला आणि पोटाला पाच-सात भोके पाडायची. तळाशी नारळाच्या शेंड्या, वर वाळका पाला, त्यावर भाजीची देठे आणि साली, पुन्हा पाला. ओल्याच्या निदान बरोबरीने कोरडे पडले पाहिजे, हा एकच नियम. वास आला तर समजावे की ओले जास्त झाले. मूठभर पाला किंवा पुठ्ठ्याचे तुकडे टाकून काठीने वरखाली करावे. शिजवलेले, तेलकट अन्न सुरुवातीला घालूच नये. दोन माठ असले तर सोयीचे, एक भरतो तोवर दुसऱ्यातले मुरते. अडीच-तीन महिन्यांत काळी, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या वासाची माती हाती येते.

ज्याचा फक्त काठ फुटला आहे, पण अंगाला अजून घाम येतो, असा माठ खतात घालवणे म्हणजे चालत्या माणसाला निवृत्त करणे. तो झाडाच्या मुळाशी गळ्यापर्यंत पुरावा, पाण्याने भरावा आणि वर फरशीचा तुकडा ठेवावा. भोवतीची माती कोरडी झाली की पाणी पाझरते, ओली असली की पाझरणे मंदावते. मटका सिंचन ते हेच. अंगण नाही, गॅलरी आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी संक्रांतीची सुगडे आहेत. वाण देऊन-घेऊन झाले की ती घरात नुसती पडून असतात. मोठ्या कुंडीत तुळशीपासून चार बोटे दूर एक सुगड तोंडापर्यंत पुरून ठेवावे. चार दिवस गावाला जाताना भरून, वर झाकण ठेवून निघावे. मात्र सुगड रंग न दिलेले हवे. हल्ली तेलरंगाने नटवलेली सुगडे मिळतात, ती पाझरत नाहीत.

डब्यांविषयी मी फार लिहीत नाही, कारण प्रत्येक मराठी घर या विषयात पारंगत आहे. डालड्याच्या डब्यात तुळस, हॉर्लिक्सच्या बाटलीत गोडा मसाला आणि बिस्किटांच्या सुबक डब्यात सुया-दोरे, हे आपले पिढीजात ज्ञान. त्या डब्यात बिस्किटे असतील या आशेने तो उघडून निराश झालेल्या मुलांची संख्या मोजली तर एक तालुका भरेल. पंधरा किलोचा तेलाचा चौकोनी डबा तिरपा कापला की केराची सुपली होते, एवढीच आठवण देतो, आणि एक सूचना : पत्र्याची कापलेली कड कधीही उघडी ठेवू नये. पक्कडीने अर्धा इंच आत दुमडून लाकडावर ठोकून चपटी करावी. काचेच्या बरणीत लोणचे खुशाल घाला. प्लास्टिकच्या डब्यात नको. त्याला वास धरतो तो पुन्हा जात नाही.

इथे थोडे गंभीर व्हायला हवे. जुन्या वस्तूचे काय शिल्लक आहे, हे जसे ओळखावे लागते, तसे तिच्यात काय चिकटून राहिले आहे, हेही. कीटकनाशकाचा रिकामा डबा कितीही मजबूत असला आणि कितीही वेळा राखेने घासला, तरी त्यात पाणी किंवा धान्य भरायचे नाही. तो भोके पाडून निकामीच करायचा. वर्तमानपत्रात भजी, वडे बांधून देऊ नयेत, असे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१६ साली आणि पुन्हा २०२३ साली बजावले आहे, कारण छपाईची शाई तेलात उतरते. वर्तमानपत्रात लिहिणाऱ्याने हे सांगावे, यात मला काही विसंगती वाटत नाही. हे पान वाचून झाल्यावर कपाटात अंथरावे, काच पुसावी. टायरची कुंडी छान दिसते, पण टायरच्या पोटात पावसाचे पाणी साठते आणि डेंग्यूच्या डासाला ती जागा फार प्रिय असते. खालच्या बाजूला चार मोठी भोके पाडल्याशिवाय टायर घरात आणू नये.

आणि दिवा. वीज नसलेल्या घरात औषधाच्या रिकाम्या बाटलीला भोकाचे झाकण आणि चिंधीची वात लावून रॉकेलची चिमणी करीत. कल्पक वस्तू खरी, पण बाटली उंच, हलकी आणि अरुंद बुडाची. मांजराच्या शेपटीने कलंडायची. कलंडली की गडगडायची, झाकण निघायचे, आणि रॉकेल सांडून पेट घ्यायचे. श्रीलंकेतले शल्यविशारद डॉ. विजया गोडाकुंबुरा यांच्याकडे अशा दिव्यांनी भाजलेली माणसे सतत येत. शस्त्रक्रिया करीत राहणे हे त्यांचे काम होते, पण त्यांनी त्या बाटलीकडे नीट पाहिले. त्यांना मार्माइट या खाद्यपदार्थाची बसकी, जड बरणी आठवली. तिच्यावरून त्यांनी दिवा केला : बुटका, जाड काचेचा, आटे असलेल्या धातूच्या झाकणाचा आणि दोन बाजू सपाट असलेला, म्हणजे आडवा झाला तरी गडगडत नाही आणि झाकण निघत नाही. त्याबद्दल त्यांना १९९८ साली रोलेक्स पुरस्कार मिळाला. टाकाऊ बाटलीचा दिवा करणारे असंख्य होते. त्या बाटलीचा कोणता गुण माणसाला जाळतो, हे शोधणारा हा एक डॉक्टर निघाला.

आपल्याकडे असे पाहायला शिकवणारा माणूस पुण्यात होता आणि मुलांनी त्याला डोक्यावर घेतले होते. अरविंद गुप्ता कानपूरच्या आयआयटीतून अभियंता झाले आणि पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. १९७८ साली ते मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद विज्ञान कार्यक्रमात गेले आणि तिथल्या बाजारात त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी सापडली. तिचे बारीक तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या, एवढ्यातून त्यांनी भूमिती उभी केली. नंतर पुण्याच्या ‘आयुका’तल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षे कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या काड्यांच्या खेळातली एक गोष्ट मी घरात रोज वापरतो. चार काड्यांचा चौकोन केला तर तो दाबला की वाकडा होतो. तीन काड्यांचा त्रिकोण वाकत नाही, मोडावाच लागतो. चौकोनात एक तिरकी काडी घातली की त्याचे दोन त्रिकोण होतात आणि तो ताठ उभा राहतो. तुमच्या घरात डुगडुगणारे टेबल, कलणारी पुस्तकांची मांडणी असेल तर नवे खिळे ठोकू नका, ते सैल होतात. मागच्या बाजूला एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत एक लाकडी पट्टी तिरकी ठोका. जुन्या पलंगाची, खोक्याची, कसलीही. शाळेच्या त्या प्रकल्पात मुलांनी हे एकदा केले, तर आइस्क्रीमच्या काड्यांचे पैसे वसूल होतील.

आता, वर वडिलांच्या धोतराला दंड घालण्याचा उल्लेख आला आहे, तो शब्द नव्या वाचकांसाठी सोडवला पाहिजे. धोतर किंवा लुगडे मधेच विरले की विरलेला भाग कापून काढायचा आणि चांगले राहिलेले दोन तुकडे एकमेकांना जोडायचे. याला दंड घालणे म्हणत. त्याच्याच चुलत भावंडासारखी एक युक्ती पलंगाच्या चादरीला लागू पडते आणि एका रविवारी दुपारी होते.

सुती चादर नेहमी मधोमध विरते, जिथे पाठ टेकते. दोन्ही कडांचा हातहातभर भाग गादीखाली खोचलेला असल्यामुळे तसाच असतो. चादर उजेडाकडे धरावी आणि विरलेला पट्टा किती रुंद आहे ते पाहावे. मग ती लांबीत मधोमध सरळ कापावी. आता दोन अर्धे तुकडे झाले, प्रत्येकाची बाहेरची कड चांगली आणि आतली विरलेली. ते उलटसुलट जागी ठेवावेत, म्हणजे दोन्ही चांगल्या कडा मधे एकमेकींपाशी येतील आणि विरलेल्या बाजू बाहेर जातील. मधल्या कडा आधीच शिवलेल्या असतात. त्या एकावर एक अर्धा इंच चढवून दोन समांतर टिपा माराव्यात. शिवण चपटी बसते, पाठीला लागत नाही. बाहेरच्या विरलेल्या बाजूंचा अगदी फाटका भाग कापून टाकावा आणि कड दुमडून टीप मारावी. चादर चार-सहा इंच अरुंद होते, गादीखाली थोडी कमी खोचली जाते, इतकेच.

अशी चादर आणखी दोन-तीन वर्षे आरामात जाते. त्यानंतर तिचे चांगले भाग गोधडीत आतल्या थराला घालावेत, आणि मधली शिवणीची पट्टी जाड असते म्हणून ती निराळी कापून स्वयंपाकघरात मसोत्याला घ्यावी.